हाती आलेले शिंग

तालुक्याच्या एका महाविद्यालयात एकदा एक तरुण अध्यापिका मोठ्या संकटात सापडली. तिचे नाव रेणुका धायगुडे. ती प्राणिशास्त्र शिकवीत असे. नोकरी तात्पुरती होती आणि यंदा कायम होईल, अशी आशा होती. विभागाचे जुने संग्रहालय नीट लावण्याचे काम प्राचार्यांनी तिच्यावर सोपवले होते. दुसऱ्याच दिवशी पाहुणे ते पाहायला येणार होते.

संग्रहालयात एका अमेरिकी प्राण्याचे पेंढा भरलेले शिर होते. प्राण्याचे नाव प्रॉन्गहॉर्न. विभागाचे निवृत्त प्रमुख उमराणीकर सर यांना ते एका परदेशी मित्राने भेट दिले होते. सर निवृत्त झाल्यावर कुणीतरी ते कुरंगांच्या, म्हणजे अँटिलोपांच्या, कपाटात, काळविटाच्या शेजारी लावले आणि खाली पाटी ठोकली : ‘अमेरिकेतील कुरंग’.

रेणुका त्या शिराची धूळ पुसत होती. शिंगाला फडके गुंडाळून तिने जरा जोर लावला, आणि ते अख्खे शिंग तिच्या हातात आले!

तिच्या पायांखालची जमीनच सरकली. कुरंगाचे शिंग जन्मभर गळत नाही, हे ती दरवर्षी वर्गात सांगत असे. म्हणजे हे गळलेले नव्हे, तिनेच मोडलेले. डोक्यावर एक टोकदार खुंटी तेवढी उरली होती. ती पेंढा भरणाऱ्याने घातलेली लाकडी खुंटी असावी, असे तिला वाटले. तिने शिंग परत बसवून पाहिले. ते वाकडेच बसले. क्षणभर मनात आले, डिंक लावावा आणि गप्प राहावे. पण ज्यांची ही ठेव, त्यांनीच आपल्याला शिकवले, हे आठवून तिने शिंग ओढणीत गुंडाळले आणि थेट सरांचे घर गाठले.

सर ओसरीत चहा घेत होते. शिंग पाहून त्यांनी कप खाली ठेवला.

“माझ्या हातून मोडलं, सर,” ती कशीबशी म्हणाली.

पायांत चपला सरकवून सर तिच्याबरोबर निघाले. रस्ताभर ते अवाक्षर बोलले नाहीत, त्यामुळे तिचा जीव अधिकच टांगणीला लागला. संग्रहालयात येताच त्यांनी शिर न्याहाळले, दुसऱ्या शिंगाला हात घातला, ते हलकेच फिरवले आणि तेही उपसून काढले!

“अहो सर, हे काय केलंत!” रेणुका ओरडलीच.

“आता नीट बघ. ही खुंटी लाकडाची आहे का?”

तिने भीत भीत बोट फिरवले. “हाड आहे, सर. कवटीतूनच वर आलंय.”

“आणि हातातलं?”

“पोकळ आहे. नुसतं कवच.”

“हे कवच हा प्राणी दरवर्षी स्वतःच टाकतो. हाड तसंच राहतं, त्यावर नवं कवच चढतं. आता सांग, कुरंग असं करतो?”

“नाही. आणि कुरंगाच्या शिंगाला फाटाही नसतो. याला तर आहे.” ती थबकली. “मग हे हरीण म्हणावं का? सांबराची शिंगं फाट्यांची असतात आणि गळतातही.”

“सांबराची सगळी हाडाची, आणि मुळापासून गळतात. इथे हाड जागेवरच आहे.”

सर जवळच्या स्टुलावर बसले.

“हा कुरंगही नाही आणि हरीणही नाही. याचं कूळच निराळं. त्या कुळातले बाकीचे सगळे काळाच्या उदरात गेले. हा एकटा मागे उरला. आज हयात असलेल्यांत याचे त्यातल्या त्यात जवळचे नातलग म्हणजे जिराफ आणि त्याचा आखूड मानेचा भाऊबंद ओकापी. ज्यांनी याला पहिल्यांदा कुरंग म्हटलं, ते खोटारडे नव्हते. अनोळखी प्राणी दिसला, तेव्हा ओळखीतलं सर्वांत जवळचं नाव त्यांनी त्याला दिलं. तूही आज तेच केलंस. पूर्वी कधी न पाहिलेली गोष्ट हातात आली, आणि तुझ्या भीतीपाशी जे नाव तयार होतं ते तू तिला दिलंस : ‘मोडलं’.”

रेणुका मटकन खुर्चीत बसली. तिला हसू येत होते आणि डोळेही भरून येत होते. केवढे ओझे उतरले होते!

“रस्त्यातच का नाही सांगितलंत, सर?”

“सांगितलं असतं, तर माझ्या शब्दावर तू सुटली असतीस,” सर म्हणाले. “आता तुझ्या डोळ्यांनी सुटलीस.”

दोघांनी मिळून एक शिंग हाडावर बसवले. दुसरे मुद्दाम खाली, शिराच्या शेजारी ठेवले.

दुसऱ्या दिवशी पाहुण्यांसोबत आलेले प्राचार्य त्या शिरापुढे थांबले. “हे कपाटाबाहेर एकटंच कसं? आणि शिंग मोडलंय वाटतं?”

“मोडलेलं नाही, सर,” रेणुका शांतपणे म्हणाली. “हातात घेऊन बघा ना.”