हिरव्या शिक्क्याचा भंडारा

“आणि हा हिरवा शिक्का कशाचा, सिद्राम?”

बुवांनी असंच विचारलं, की सिद्रामनेच आधी पुडीवरच्या शिक्क्यावर बोट ठेवून दाखवलं… त्याला आता खात्री देता येत नाही. पुढचं मात्र विसरावं म्हटलं तरी विसरता येत नाही.

सिद्राम उंबरजे भंडाऱ्याचा कारखानदार, आणि खंडोबाच्या टेकडीवर राहणाऱ्या रायाजीबुवांचा शिष्य. टेकडीवर उधळलेला भंडारा पावसात वाहून खालच्या तळ्यात जाई. त्या साली तळ्यातले मासे उलटे होऊन वर आले आणि देवस्थानाच्या पंचांनी ठरवलं, यापुढे भंडारा प्रमाणपत्र असलेलाच घ्यायचा. कुणाचा, ते बुवा सांगतील.

“पर्यावरणपूरक मालाचा शिक्का, बुवा. जिल्ह्यात एकट्या मला मिळालाय.”

“त्याला काय करावं लागतं?”

“नमुना पाठवायचा. ते तपासतात.”

“अन् बाकीचे कारखानदार?”

सिद्राम हसला. “बसलेत बोंबलत, खर्च परवडत नाही म्हणून. अहो, गिऱ्हाईक आतलं बघतंय कुठे? वरचा शिक्का बघतं.”

“मला तो वाचता कुठे येतोय? तू म्हणतोस म्हणजे चांगलाच असणार.”

बुवांनी पुडी फोडली. एक चिमूट कपाळाला लावली. मग दुसरी उचलली.

भंडारा कपाळाला लावला की बुवा चिमूटभर जिभेवरही ठेवतात, हे सिद्राम लहानपणापासून बघत आला होता. पण पुडी त्याने आणली होती ती शिक्का दाखवायला. आत काय आहे, हे त्याच्या मनातही आलं नव्हतं. नमुना निवडक हळदीचा गेला होता. ही पुडी गोदामातल्या पोत्यातली… खडूची भुकटी, तीत कापडाचा पिवळा रंग.

“येळकोट येळकोट…” बुवांनी तोंड उघडलं.

सिद्रामने त्यांचं मनगट धरलं.

पायांखेरीज गुरूच्या अंगाला त्याने आजवर कधी हात लावला नव्हता.

“काय रे?”

सिद्रामने पकड आणखी घट्ट केली.

“शिक्का खोटा आहे?”

“शिक्का खरा आहे, बुवा…”

बुवा त्या हाताकडे बघत राहिले. सिद्रामची मान वर होईना. हात मागे घ्यावा, तर चिमूट तोंडात जाणार. धरून ठेवावा, तर…

“टाकून द्या ते, बुवा. पाया पडतो तुमच्या.”

“पाया पडायचं तर हात सोडावा लागेल,” बुवा म्हणाले. “सोडू नकोस.”

बुवांना सगळं ठाऊक होतं, त्यांनी आपली परीक्षा पाहिली, अशी समजूत सिद्रामने कितीतरी वर्षं घालून घेतली. बुवा गेल्यावर त्यांची सेवा केलेल्या गुरुबहिणीला, भागाबाईला, त्याने एकदा विचारलंच.

“परीक्षा कसली, दादा?” ती म्हणाली. “येईल तो भंडारा ते रोज तोंडात टाकायचे. तुमचा तर शिक्का मिळायच्या आधीपासूनच येत होता.”