पहिलं पाणी शेवटच्या शेताला

खूप खूप जुनी गोष्ट आहे. राजा कोण होता ते मला विचारू नका. तो या गावांकडे कधी फिरकलाच नाही, मग आपण तरी त्याचं नाव कशाला घ्यायचं?

एका ओढ्यावर मातीचा बंधारा होता. त्यातून निघालेला पाट आधी वरच्या वाडीच्या शेतांजवळून जायचा आणि खालच्या वाडीत जाऊन संपायचा. पण पाणी देण्याची रीत उलटी होती. पहिलं पाणी अगदी शेवटच्या शेताला, मग त्याच्या वरच्याला. असं करत करत बंधाऱ्याजवळच्या शेताची पाळी सगळ्यांत शेवटी यायची.

त्यामुळे व्हायचं काय, की आपली पाळी लवकर यावी म्हणून वरची माणसंच पाट पार शेवटपर्यंत साफ ठेवायची. आणि पाणी हमखास मिळतं म्हणून खालची माणसं दर उन्हाळ्यात वर येऊन बंधाऱ्यावर माती टाकायची.

पुढे वरच्या वाडीला नवा पाटील आला, सटवाजी. माणूस वाईट नव्हता, पण स्वतःला फार शहाणा समजायचा. त्याची केळीची बाग बंधाऱ्याला लागूनच होती. तो म्हणाला, "पाणी माझ्या डोळ्यांदेखत पुढे जातं आणि मी नुसता बघत बसू? आजपासून आधी आपण. उरलं तर खालचे!"

वरची वाडी खूश झाली. होणारच की! फुकटचं मिळालं की कोणाला नको असतं?

पण पाणी पुढ्यात असलं की माणसाला पुरे म्हणवत नाही. केळीत घोट्याइतकं पाणी साचलं, मुळं कुजू लागली, तरी सटवाजीचा हात काही आखडेना. खालचा पाट गाळाने भरला, तो उपसायला कोणी जाईना. खालचेही बंधाऱ्यावर माती टाकायला येईनात. का म्हणून यावं त्यांनी?

असं दोन वर्षं चाललं. तिसऱ्या वर्षी खालच्या वाडीतला गहू ऐन दाणा भरताना करपायला लागला. गुरं हंबरून हंबरून गप्प झाली. तेव्हा सगळी वाडी कुदळी घेऊन निघाली. पुढे होती तान्हाई, वाडीची जुनीजाणती बाई. सगळे तिला आक्का म्हणायचे.

"बंधारा फोडायचाच! आम्हाला नाही, तर कोणालाच नाही!" सगळे ओरडत होते.

बंधाऱ्यावर सटवाजी आपली माणसं घेऊन उभा होता. सगळ्यांच्या हातांत काठ्या होत्या.

"एक पाऊल पुढे टाकलंत तर डोकी फुटतील!" तो ओरडला.

"फोडा! तहानेने मरण्यापेक्षा ते बरं!" तान्हाई म्हणाली.

तान्हाईने बंधाऱ्याच्या पायथ्याशी कुदळ उगारली आणि ती तशीच थांबली. पायाखालची माती ओली होती. वाकून तिने बोट लावलं.

"पाटील, खाली ये. हे बघ आधी."

सटवाजी खाली आला. पायथ्यातून पाणी झिरपत होतं, आणि ते गढूळ होतं. बंधारा आतून वाहून चालला होता. तो फुटला असता तर खालची वाडी घरातल्या पोराबाळांसकट गेली असती आणि वरच्यांना प्यायलाही पाणी उरलं नसतं.

सटवाजीच्या तोंडचं पाणी पळालं. गळती बुजवायला चिकणमाती हवी होती, आणि ती होती फक्त खालच्या वाडीच्या सुकलेल्या तळ्यात.

"आक्का, माती द्या," तो कसाबसा म्हणाला.

"फुटू दे मेला!" खालचा एक गडी ओरडला. "आपण टेकडीवर जाऊ!"

"आणि टेकडीवर पिणार काय?" तान्हाई त्याच्यावर कडाडली. मग सटवाजीकडे वळली. "माती देतो. पण पहिलं पाणी कोणाला, ते आत्ता सगळ्यांसमोर सांग."

सटवाजीने आपल्या बागेकडे पाहिलं.

"शेवटच्या शेताला," तो म्हणाला. "आणि पाट आम्ही उपसू. मीसुद्धा."

काठ्या खाली पडल्या. तळ्यापासून बंधाऱ्यापर्यंत माणसांची रांग लागली. टोपल्या या हातातून त्या हातात जाऊ लागल्या. दोन्ही वाड्यांच्या बायकांनी चिकणमाती तुडवून तुडवून बसवली. दिवस मावळायच्या आत गळती थांबली.

मग पाट उपसला गेला. पाणी शेवटच्या शेतात शिरलं आणि गहू वाचला. एकेका शेताला भिजवत पाळी वर सरकली, पण सटवाजीच्या बागेपर्यंत यायच्या आत बंधाऱ्यात फक्त प्यायच्यापुरतं पाणी उरलं. कुजण्यातून वाचलेल्या केळीही वाळून गेल्या.

सटवाजी बांधावर बसून रडला. का रडू नये? लेकरासारखी वाढवलेली बाग होती.

तान्हाई त्याच्या शेजारी येऊन बसली. "बाग गेली रे पाटील," ती म्हणाली. "पण तुझी पोरं यंदा उपाशी राहायची नाहीत."

त्या वर्षी पाटलाच्या घरात खालच्या वाडीचा गहू शिजला. आणि त्या बंधाऱ्यावर पुन्हा कधी कोणी कोणावर काठी उगारली नाही.

म्हणून सांगतो, पाण्याची वाटणी शेवटच्या माणसापासून सुरू करा, म्हणजे पाणीही टिकतं आणि शेजारही टिकतो.