आलुबुखाराच्या चांदण्या

खूप जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की ती पहिल्यांदा कोणी सांगितली हेही आता कुणाला ठाऊक नाही.

दूर उत्तरेकडे, आज ज्याला फिनलंड म्हणतात त्या सरोवरांच्या देशात एक खेडे होते. हिवाळ्यात तिथे सूर्य जेमतेम डोके वर काढतो आणि लगेच मावळतो. अशा काळोख्या दिवसांत नाताळ येई आणि घरोघरी चांदण्या भाजल्या जात. लोण्याच्या घड्या घातलेली कणीक लाटायची, चौकोन कापायचे, चारी कोपऱ्यांना चिरा द्यायच्या. मधोमध सुकवलेल्या आलुबुखारांचा मुरंबा ठेवायचा आणि एकाआड एक टोक मध्यावर दुमडायचे. झाली चांदणी.

त्या गावात एका म्हातारीच्या चांदण्यांचे मोठे नाव होते. तिच्या घराण्यातली ही रीत सात पिढ्यांची. कागदावर काही नव्हते. सगळे तिच्या हातात आणि नाकात होते. मुरंबा चुलीवरून कधी उतरवायचा? तर वास आला की. त्या एका वासावर सगळी चव अवलंबून होती.

वय झाले तसे म्हातारीचे नाक मंदावले. वास तिला दरवर्षी उशिरा येऊ लागला आणि मुरंबा तेवढा जास्त वेळ चुलीवर राहू लागला. आलुबुखार मुळातच काळे, त्यामुळे करपले तरी रंगावरून कळायला मार्ग नाही. नाकाबरोबर जिभेची चवही गेली होती. चांदण्या भट्टीतून निघाल्या की ती घरच्यांना आणि शेजाऱ्यांना एकेक देई आणि विचारी, "कशा झाल्यात?" सगळे कडू घास गिळत आणि फारच छान म्हणत. उरलेल्या चांदण्या लोक तोंडभर कौतुक करून घरी नेत. नाताळात त्या गावच्या डुकरांची चंगळ असे.

सर्वांत जास्त कौतुक करी ती तिची सून. सून मनाने चांगली होती. सासूने तिला लेकीसारखे वागवले होते; आता या वयात त्यांना दुखवायचे कशाला, असे तिला वाटे. अशी पाच वर्षे गेली.

सहाव्या वर्षी नातीचे लग्न ठरले. नाताळ उरकला की ती सरोवरापलीकडच्या गावी नांदायला जाणार होती. यंदा आपली विद्या नातीच्या हातात द्यायची, असे म्हातारीने ठरवले. नात निमूटपणे शेजारी बसली, सांगितले तसे लाटले, चौकोन कापले, प्रत्येक गोष्टीला मान डोलावली. मग लाकडे आणायला आईबरोबर बाहेर गेल्यावर ती हळूच म्हणाली, "आई, तिकडे गेल्यावर मी सासरच्या रीतीनेच करणार. आजीपुढे आपलं हो म्हणायचं. तुझंच बघून शिकले मी."

सात पिढ्या एकीने दुसरीला दिलेली गोष्ट सुनेच्या डोळ्यांदेखत संपत होती, आणि ती संपवणारा गोड होकार मुलीला तिनेच शिकवला होता. लाकडे घेऊन ती आत आली. मुरंबा रटरटत होता आणि म्हातारी पातेल्यावर वाकून वासाची वाट बघत होती.

"आई, उतरवा आता," सून म्हणाली. "खाली लागायला लागलाय."

"अजून वास कुठे आलाय?"

"येऊन गेला, आई. पाच वर्षं तो तुम्हाला उशिरा कळतोय."

म्हातारीच्या हातातला ढवळायचा डाव थांबला. नात दारातच उभी राहिली. आता या आपले तोंडही बघणार नाहीत, असे सुनेला वाटले.

म्हातारी बोलली तेव्हा तिचा आवाज अगदी शांत होता. "मी दरवर्षी विचारत होते ना गं. मला कौतुक नको होतं. नाक दगा देतंय हे मला जाणवत होतं. म्हटलं, बिघडलं तर माझी माणसं सांगतील."

सुनेला रडू आवरेना. म्हातारीने ते पातेले स्वतःच्या हाताने रिकामे केले आणि दुसरे आलुबुखार चुलीवर ठेवायला सांगितले. मग ती डोळे मिटून बसली. तिची आजी काय सांगायची ते तिला हळूहळू आठवत गेले. वास येण्याआधी रटरट मंदावते. डाव तळावरून ओढला की तळ उघडा पडतो आणि क्षणभर तसाच राहतो. नात आता जवळ सरकली होती. मान डोलावायची सोडून ती प्रश्न विचारू लागली.

पहिल्या चांदण्या निघाल्या. म्हातारीने नेहमीचाच प्रश्न विचारला. नातीने आईकडे पाहिले आणि मग सांगितले, "मुरंबा छान जमलाय, आजी. कडा मात्र जरा कडक झाल्यात."

म्हातारी हसली. इतक्या वर्षांत ऐकलेल्या "छान"पैकी हे एकच तिला खरे वाटले.

पुढचा नाताळ म्हातारीने पाहिला नाही. नाताळच्या दिवशी सरोवरापलीकडून झाकलेली एक टोपली आली. सुनेने वरचे फडके काढले आणि घरभर तो जुना वास पसरला. ती बराच वेळ टोपली मांडीवर घेऊन बसली होती.

तात्पर्य: आपल्या माणसाने विश्वासाने विचारले तर खरे सांगावे, गोड खोट्याने मन राहते, माणूस मात्र एकटा पडतो.