जा म्हणायचा धोंडा

वाकणवाडीची पायवाट जिथे वळते, तिथे हा काळा धोंडा आहे. त्याला टेकू नका, उभेच राहा. मघाशी तुम्ही 'येतो हं' म्हणालात आणि आमची सूनबाई गोरीमोरी झाली, ते तुम्हाला लागलं असेल. दोष तुमचा नाही. सगळा मुलूख 'येतो' म्हणूनच निघतो, 'जातो' म्हणणं अशुभ मानतो. आमच्या गावात तेवढं उलटं आहे, आणि ते या धोंड्यापासून.

फार मागे, वरच्या लेण्यात भिक्षू राहत त्या काळी, इथे तान्हूबाई नावाची एक बाई होती, असं सांगतात. तिला एकच लेक, सोनकी. एका सकाळी सोनकी कड्यावर गवत कापायला निघाली आणि दारातून म्हणाली, "आये, येते गं." तान्हूबाई दळत होती. मान वर न करता ती नुसतं "हं" म्हणाली. दुपारी कड्याच्या काठावर सोनकीचा विळा आणि डोईची चुंबळ सापडली. खालची दरी अशी, की माणूस उतरू शकेना. दोन दिवस गिधाडं घिरट्या घालत होती. गावाने काय ते ओळखलं.

तान्हूबाईने मात्र मानलं नाही. "येते म्हनलीया न्हवं? मंग येनार," एवढंच तिचं. ती या धोंड्यावर येऊन बसली. कोणी भाकरी आणून दिली, की लेकीसाठी झाकून ठेवी आणि स्वतः पाण्यावर राही. नवऱ्याने दहाव्याचा विषय काढला, तर त्याच्या अंगावर धावून गेली. पंधरा दिवसांत बाईचा सापळा उरला म्हणे. आता हीही जाणार, असं लोक धरूनच चालले.

तेव्हा लेण्यातला एक भिक्षू भिक्षेसाठी खाली उतरला. त्याने समजूत घातली नाही. तिच्याशेजारी बसला तो दिवसभर बसूनच राहिला. ऊन कललं तसा उठला आणि म्हणाला, "जातो, माय."

ती कडाडली, "असं बोलू न्हाई! येतो म्हन."

"येईन की नाही, मला ठाऊक नाही. जातोय, एवढं खरं. माझ्याकडे बघून 'जा' म्हण, मग निघतो."

तिने मान वर केली. किती दिवसांनी ती कोणाच्या तोंडाकडे बघत होती. त्या सकाळी लेकीकडे बघितलं नव्हतं, ते तिला तिथे आठवलं आणि ती पहिल्यांदा रडली. मग दरीकडे तोंड करून उभी राहिली. "सोनके, जा गं," म्हणाली. "जा." झाकलेली भाकरी काढून अर्धी तिने भिक्षूला दिली, अर्धी स्वतः खाल्ली. तिचं दुःख गेलं, असं कोणी सांगत नाही. म्हातारपणीही दळताना ती मध्येच थांबून दाराकडे बघे.

आजही आमच्याकडे निघणारा 'जातो' म्हणतो. घरातलं माणूस हातातलं काम टाकून दाराशी येतं, त्याच्या तोंडाकडे नीट बघतं आणि 'जा' म्हणतं. तिरडीसुद्धा या धोंड्याशी थांबते. घरच्याने 'जा' म्हटल्याशिवाय पुढे हलत नाही. तीन वर्षांपूर्वी आमची ही गेली, तेव्हा मला 'जा' म्हणवेना. चौघे खांदेकरी उभे, ऊन चढत चाललेलं. कोणी मला घाई केली नाही. शेवटी म्हटलं.

चला, तुमची गाडी खाली उभी आहे. म्हणा आता. मी बघतोय तुमच्याकडे.