गजराचा हलका हात

तुमच्या पणजोबांच्या मिशा अजून काळ्याभोर होत्या, तेव्हाची ही गोष्ट. डोंगराच्या पायथ्याशी शिरटेक नावाचं गाव होतं. तळं डोंगरावर आणि तहान गावात, अशी तिथली तऱ्हा. शेवटी कुणीतरी मनावर घेतलं आणि तळ्यापासून गावातल्या टाक्यापर्यंत बिडाचा नळ टाकायचं ठरलं. बीड म्हणजे ओतीव लोखंड. नळ एवढा जाड की लहान पोर आत सहज शिरेल. उतारावर चर खणला, नळाचं खालचं वळण टाक्याच्या भिंतीत पक्कं बसवलं आणि तिथून वर दोन-चार नळ जोडूनही झाले. माती लोटायची तेवढी राहिली होती.

त्याच दिवसांत गावाबाहेर घिसाड्यांच्या गाड्या उतरल्या. घिसाडी म्हणजे गाडीवर भट्टी घेऊन गावोगाव हिंडणारे लोहार. त्यांच्यात नवरा सांडशीत लोखंड धरतो आणि घण घालते बायको. हरजी घिसाड्याची बायको गजरा, तिच्या घणाचं नाव साऱ्या पंचक्रोशीत होतं. असं म्हणतात, ती घण घालायची तेव्हा शेजारच्या गावात उतरंडीची गाडगी हलायची. गाडगी हलायची की नाही देव जाणे, पण बाईच्या अंगात रग होती एवढं खरं.

गावच्या पोरांना त्या नळाचं भारी कौतुक. तोंडाशी वाकून कूऽ केलं की आतूनही कुणीतरी कूऽ करायचं. ते कोण, हे बघायचंच, असं ठकीच्या मनानं घेतलं. ठकी म्हणजे भिवा आणि सगुणाची एकुलती एक चिमुरडी. भर दुपारी कामावरची माणसं भाकरी खायला बसली आणि ही पोर पायांकडून नळात शिरली. उतारच तो, सरसर घसरली आणि थेट खालच्या वळणाशी जाऊन रुतली.

तिची किंकाळी ऐकून सगळे धावले. दोरी सोडली, पण पोरीचे दोन्ही हात अंगाखाली अडकलेले, ती धरणार कशी? त्यात चैत्रातलं ऊन. वरून बीड तापत चाललं होतं आणि आत लेकरू भाजून निघणार हे सगळ्यांना दिसत होतं. सगुणा वेड्यासारखी घागरीमागून घागर नळावर ओतत होती.

मुकादम करवत घेऊन आला. बऱ्याच वेळानं नळावर नखाएवढी खाच पडली आणि करवतीचे दात बोथट झाले. भट्टीनं नळ तापवून तोडू, असं हरजी बोलायला गेला, पण त्यानं आतली पोरच भाजेल हे त्याचं त्यालाच उमजलं. मग भिवा गजरापुढं हात जोडून म्हणाला, "बाई, तुझा एक घण बास हाय. घाल."

गजरानं घण उचलला. पण घालण्याआधी तिनं चरात पडलेला फुटक्या नळाचा एक तुकडा ओढला आणि त्याच्यावर घण घालून बघितला. घाव पडला एका जागी आणि तडा गेला तिसरीकडंच, लांबच्या लांब, अन् सुरीसारख्या कपच्या उडाल्या. गजरा त्या कपच्यांकडं बघत राहिली. "तुमचं लोखंड वाकत न्हाई. फुटतंय," ती म्हणाली. "अन् कुठं फुटायचं ते त्याचं त्येच ठरवतंय. ते आधी आपुन ठरवाया पायजे."

तिनं घण खाली ठेवला. हरजीच्या पेटीतली एक अरुंद छिन्नी आणि बादलीच्या कड्या बसवायची इवलीशी हातोडी तिनं उचलली. लोक चरफडले. एवढी ताकदीची बाई बोलावली आणि ही काय सोनारासारखी टकटक करणार?

तिनं कुणाकडं लक्ष दिलं नाही. बोटाच्या पेरानं नळ वाजवत ती खाली आली. रिकामा होता तिथं नळ घुमला आणि ठकी होती तिथं दबका बोलला. पोरीच्या डोक्याच्या वीतभर वर गजरानं नळाभोवती दोरी गुंडाळली आणि दोरीच्या कडेनं कोळशाची रेघ ओढली. खालची माती उकरायला लावली, म्हणजे हात सगळीकडून फिरेल. वरच्या नळाला दगडांचा टेकू दिला, ओली गोणपाटं अंथरली. मग नळाला तोंड लावून म्हणाली, "ठके, म्या जरा वाजवनार हाय. घाबरू नगंस. हायस का?"

आतून बारीक आवाज आला, "हाय."

टक. हायस का? हाय. टक. हायस का? हाय. उत्तर आल्याशिवाय पुढचा घाव नाही. रेघेवरून एक फेरा झाला, दुसरा झाला. पुढं ती पाठीवर पडून नळाखालून छिन्नी चालवायला लागली. जन्मभर जीव खाऊन घाव घातलेली बाई ती, हात आवरायची सवय कुठली? हलका घाव घालणं तिला जड जात होतं.

आणि मग एकदा उत्तर आलं नाही.

पुन्हा विचारलं. नाही. भिवानं घण उचलला आणि तो नळाकडं धावला. गजरा नळावर आडवी पडली. "घालायचा तर माज्यावर घाल," ती म्हणाली, आणि तिनं कान लोखंडाला लावला. "गप ऱ्हावा समदी."

असं म्हणतात, त्या वेळी वारा पडला. बैलांनी माना हलवायच्या थांबवल्या, टाक्यावरच्या चिमण्यांनी पंख मिटले, आणि सगुणानं रडू गिळलं. त्या शांततेत गजराला जाड बिडाच्या आतला श्वास ऐकू आला. संथ, लांब.

"झोपलीया पोर," ती म्हणाली.

मग तिनं आणखी हळू टकटक केली. फिरता फिरता नळाचा खणखणीत सूर एकाएकी बसला, म्हणजे तडा गोल फिरला. गजरानं हातोडी बाजूला ठेवली. कुणी म्हणतात तिनं नुसता तळवा टेकला, कुणी म्हणतात फुंकर घातली. कोळशाच्या रेघेवर नळ गोल उकलला, एक कपची आत पडली नाही. माणसांनी वरचा नळ सरकवला आणि सगुणानं घामानं निथळणारी ठकी बाहेर काढली. डोळे चोळत पोरगी कुरकुरली, "वाजवायचं का थांबवलं?"

तेव्हा कुठं गजरा मटकन चरात बसली आणि तिनं मोठ्यानं गळा काढला. जन्मात एवढी भ्याले नव्हते, असं ती सगुणाला म्हणाली.

तो नळ पुढं जोडला आणि गावात पाणी आलं. त्या जोडाला आजही गजराचा सांधा म्हणतात. शिरटेकात बारसं असलं आणि घिसाड्यांच्या गाड्या उतरलेल्या असल्या, तर आत्यानं नाव ठेवायच्या आधी बाळ घिसाडणीच्या मांडीवर देतात. आणि एखादं तान्हं काही केल्या झोपेना, की तिथली बाई म्हणते, "थांब, गजराचा हात लावते." पाळण्याच्या कडीवर ती बोटानं टकटक करते. हळूहळू मूल निवतं, डोळे मिटतं. पण शिरटेकातली आई तेवढ्यावर उठत नाही. ती वाकते, कान जवळ नेते, आणि आतबाहेर होणारा श्वास ऐकू आला की मगच कामाला लागते.