नऊ चाळीसची बातमी

“...म्हणजे या तालुक्यात माझ्याआधी कुणाला बातमी कळत नाही, एवढं तरी कबूल कराल की नाही, मास्तर?”

रंगनाथ सोनटक्केने विचारलं, आणि मास्तरांनी तोंड उघडायच्या आत स्वतःच पुढे जोडलं, “आमची ही सोडून. तिला माझ्याबद्दलच्या बातम्यासुद्धा माझ्याआधी कळतात.”

मास्तर हसले नाहीत.

रंगनाथला ते लागलं. एकसष्ट वर्षं त्याने गावाला फुकट हसवलं होतं. शिक्षण सातवीपर्यंत, त्यातली सातवी दोन वर्षं. पहिल्या वर्षी नीट बघून घेतली, दुसऱ्या वर्षी केली, असं तो सांगायचा. एसटीच्या वर्कशॉपात पाने फिरवून निवृत्त झाला, तरी वाटेत दिसेल त्याची टोपी उडवल्याशिवाय पुढे जात नसे.

मेहबूब मास्तर शाळेतले मास्तर नव्हेत. चौकातल्या वार्ताफलकावर त्यांनी अडतीस वर्षं खडूने गावाच्या बातम्या लिहिल्या, म्हणून मास्तर. आता तो फलक कुणी वाचत नाही. तरी ते रोज सकाळी ओल्या फडक्याने पुसतात, वर तारीख घालतात आणि समोरच्या दर्ग्याच्या कट्ट्यावर येऊन बसतात.

आजही तारीख होती. खाली सगळं काळं.

“तुझं ते यंत्र काय करतं, ते सांग,” मास्तर म्हणाले.

रंगनाथला तेवढंच हवं होतं. तो मांडी घालून बसला आणि खुलला. यंत्र नव्हेच ते, मोबाईलमधलीच करामत. एक अवजार दर पाच मिनिटांनी वर्तमानपत्रांच्या बारा वेबसाइटी चाळतं आणि बातम्या उचलतं. दुसरं त्यांची रांग लावतं. तिसरं ती रांग गावाच्या ग्रुपवर सोडतं. पडद्यावर तीन खोके दिसतात, त्यांच्यामधे बोटाने रेघा ओढायच्या, बस. इंजिनाच्या नळ्या जोडतात तसं. कोडिंगचं एक अक्षर लिहावं लागत नाही, आणि आपल्याला कुठे अक्षरं येतात.

“हुकूम एकच दिला, मास्तर. आपल्या गावाचं नाव दिसलं की उचल आणि टाक.”

चारशे बारा माणसं त्या ग्रुपवर होती. नाव ठेवलं होतं ‘नवा फलक’.

“मग बंद का केलंस?”

रंगनाथ कट्ट्यावरचा लिंबाचा पाला गोळा करू लागला...

जालिंदर भालेकरचा ट्रक कर्नाटकातल्या एका घाटात उलटला. त्याच्या धाकट्या भावाला, ज्ञानोबाला, पोलिसांचा फोन पहाटेच आला होता. ज्ञानोबाने वहिनीला काही सांगितलं नाही. तो आधी मोटारसायकल घेऊन पलीकडच्या गावी गेला, वहिनीच्या आईला आणायला. सांगताना तिला धरायला कुणीतरी तिचं माणूस हवं, एवढंच त्याच्या डोक्यात होतं.

सकाळी साडेनऊला एका वर्तमानपत्राने ती बातमी वेबसाइटवर टाकली. तीत गावाचं नाव होतं.

अवजाराने उचलली. नऊ चाळीसला ती ग्रुपवर पडली.

जालिंदरची बायको शालन तेव्हा बचत गटाच्या शेडमधे पापड लाटत होती. तिथल्या सात-आठ जणींत झरझर वाचता येई ते तिलाच. म्हणून मोबाईल वाजला की सगळ्या हात थांबवायच्या आणि ही लाटणं मांडीवर ठेवून ‘नवा फलक’ मोठ्याने वाचून दाखवायची. रंगूभाऊंचा पेपर, म्हणायची.

तिने मोठ्याने वाचायला सुरुवात केली. घाट वाचला. ट्रक वाचला. गावाचं नाव वाचलं. मग पुढचं नाव आलं.

ज्ञानोबा म्हातारीला मागे बसवून पोचला, तेव्हा दहा वाजून दहा मिनिटं झाली होती.

हे सगळं मास्तरांना माहीत होतं. सगळ्या गावाला माहीत होतं. तरी रंगनाथने ते पुन्हा सांगितलं, आणि सांगताना एकाही माणसाची नक्कल केली नाही.

“पण खोटं काय होतं त्यात, मास्तर? एक अक्षर दाखवा.”

मास्तरांनी नुसती मान हलवली. खोटं काही नव्हतं.

रंगनाथने मग खरं काम काढलं. लोक विचारतात, नवा फलक परत कधी सुरू करतोस. त्याला करायचाही होता. फक्त मधे एक खोका बसवायचा होता. बातमी तासभर थांबवून ठेवणारा खोका मिळतो, दोन तासांचाही मिळतो. ‘निधन’ शब्द दिसला की अडवणाराही मिळतो. मास्तरांनी अडतीस वर्षांत कितीतरी निधनं लिहिली. किती वेळ थांबायचं, तेवढं त्यांनी सांगावं.

“किती तास थांबत होता तुम्ही?”

“तूच सांग. पाणी तूच आणायचास.”

खरं होतं. एसटीत लागायच्या आधी दोन वर्षं, ऐन पंचविशीत, रंगनाथ मास्तरांच्या हाताखाली होता. फलक पुसायचा, खडू ओले करून द्यायचा. एकदा मास्तरांच्या वळणदार अक्षराची नक्कल करून त्याने फलकावर लिहिलं, ‘उद्या सकाळी सहा वाजता नळाला दूध येईल.’ सकाळी सतरा बायका पातेली घेऊन उभ्या. मास्तर रागावले नाहीत. ज्यांनी ज्यांनी वाचलं, त्यांच्या घरी जाऊन खरं सांगून ये, एवढंच म्हणाले. साठ-सत्तर घरं झाली. तिसऱ्या घरी चहा मिळाला, नवव्या घरी केरसुणी.

ही गोष्ट रंगनाथ लग्नाकार्यात रंगवून सांगायचा. आज ती घशातच राहिली, कारण तिच्या मागोमाग दुसरी आठवली.

कुणी वारलं की मास्तर फलकावर चौकट आखायचे, तारीख घालायचे आणि खडू खिशात टाकून त्या घरी जायचे. आत जायचे नाहीत. दारात उभं राहून कुणा पोक्त माणसाला हळूच विचारायचे, कोण यायचं राहिलंय? अजून कुणाला कळवायचं असेल, तर तसेच परत. चौकट कोरी. एकदा एका म्हातारीचा मुलगा सुरतेहून यायचा होता, तर दोन दिवस चौकट कोरी राहिली. तोवर पेपरातसुद्धा छापून आलं. चौकात लोक हसले. शिळी बातमी ताज्या खडूने, असं मोठ्याने म्हणून त्यांना हसवणारा रंगनाथच होता.

“तास नव्हते,” तो म्हणाला.

मास्तरांनी बोटांवरचा खडू झटकला.

“असा खोका मिळत नाही, मास्तर...”

“ती बातमी आहे अजून ग्रुपवर?”

“नाही. लगेच काढली. सगळ्यांसाठी काढा, असं एक बटण असतं. ते दाबलं.”

“शालनसाठीपण निघाली?”

रंगनाथने हातातला पाला खाली टाकला.

मास्तर उठले. गुडघ्यावर हात ठेवत फलकापाशी गेले, बादलीतलं फडकं पिळलं आणि आजची तारीखही पुसून टाकली. मग ते फडकं रंगनाथच्या हातात दिलं, पूर्वी द्यायचे तसं. त्याने सवयीने घेतलं. आता फलकावर पुसायला काही उरलं नव्हतं. फडक्यातलं पाणी त्याच्या चपलेवर ठिबकत राहिलं.

माफी मागितली होती, असं तो सांगू लागला. त्याच दिवशी, ग्रुपवर, चार ओळींची, स्वतः जुळवून. चारशे अकरा लोकांनी वाचली. बऱ्याच जणांनी हात जोडल्याची चित्रं टाकली. शालन मात्र तोवर ग्रुपमधून बाहेर पडली होती.

अकरा दिवस झाले. बाजाराला जाताना तो पापडाच्या शेडवरून जात नसे, ओढ्याकडून वळसा घाली. बायकोने दोनदा विचारलं, पाय दुखतो म्हणता आणि लांबून का येता? दोन्ही वेळा त्याला विनोद सुचला नाही.

“जावं वाटतं,” तो म्हणाला. “दारापर्यंत जाऊन आलो एकदा. आतून पोरांचा आवाज आला, तसाच फिरलो. तिला माझं तोंड बघवायचं नाही, मास्तर. कुणाला बघवेल...”

मास्तर कट्ट्यावर टेकले. टोपी काढली, मांडीवर ठेवली.

“काल दहाव्याला गेलो होतो मी तिच्याकडे.”

रंगनाथने मान वर केली.

“दारातून निघताना सवयीने विचारलं, कोण यायचं राहिलंय?”

“...काय म्हणाली?”

“म्हणाली, सगळं गाव येऊन गेलं, मास्तर. रंगूभाऊ तेवढे राहिलेत.”