ठकूची नीज

तळ्याच्या मधोमध हा जो मातीचा उंच खांब दिसतो, त्याला आमच्याकडे साक्षीदार म्हणतात. येणारे पाहुणे विचारतात, इथं देऊळ होतं का? नव्हतं. तळं खणताना मजूर मधे मधे जमिनीचा एकेक खांब तसाच सोडतात. त्याच्या उंचीवरून किती खोल खणलं ते कळतं. मोजमाप झालं की तो पाडायचा आणि काम संपलं म्हणायचं. हा एकच राहून गेला, आणि तो ठकूमुळे राहिला असे सांगतात.

फार मागची गोष्ट. कापसाचा भाव असा पडला की वेचणीही परवडेना आणि तालुक्याची जीन, म्हणजे कापसातली सरकी काढायची गिरणी, बंद झाली. ठकू त्या जीनमध्ये कामाला होती. भोंगा वाजेनासा झाला, तशी ती आंधळ्या सासूचा हात धरून गावी परतली. लोकांच्या पोटासाठी सरकारने तळ्याचं काम काढलं होतं. दिवसभर माती वाहायची, संध्याकाळी ज्वारी घ्यायची. हाडांचा नुसता भुगा व्हायचा. पण चूल पेटत होती, म्हणून ठकू पाटी उचलत राहिली.

मग एक दिवस कामावर देखरेख करणारा सरकारी ओव्हरसियर आला. तळं ठरल्याइतकं खोल झालंय, उद्या हा शेवटचा उरलेला साक्षीदार मोजून पाडू आणि काम बंद करू, म्हणाला. पाणी तर अजून लागलंच नव्हतं. पण सरकारला खोली हवी होती, पाण्याचं कोणी बोललं नव्हतं. उद्यापासून खायचं काय, असं बायांनी विचारलं, तेव्हा त्याने वरून आलेला कागद दाखवला. तोही हुकमाचा ताबेदार.

सकाळी तो टेप घेऊन आला, तर ठकू खांबावर बसलेली.

"बाई, खाली या. मोजायचं आहे."

"मले कचेरीतलं काही समजत नाही, सायेब," ठकू म्हणाली. "पन साक्षीदारालेच पाडलं, तर आमी राबलो हे सांगनार कोन?"

त्या शब्दाचा असा अर्थ आजवर कोणी लावला नव्हता. ओव्हरसियर म्हणे आधी हसला, मग टेप खिशात घालून परत गेला. बाईच्या अंगाला हात लावायची कोणाची छाती नव्हती, आणि मोजमापाशिवाय काम बंद करता येत नाही, हा तर सरकारचाच नियम. काम चालू राहिलं.

गंमत अशी की खाली लोक खणत गेले, तसा खांब उंच होत गेला. आधी ठकूला उडी मारून उतरता आलं असतं, पुढे शिडीही पुरेना. भाकरी बांबूला बांधून वर जायची. डोळा लागला तर तोल जायचा, म्हणून सासू काठावर बसून तिला जागी ठेवी.

"ठके, निजली का वं?"

"नाही, आत्याबाई."

कधी कधी ठकू इतकी कंटाळून जाई की वाटे, पडू दे हा खांब एकदाचा, त्याच्यासंगं मीही पडते. पाय खाली सोडून बसायची. मग पाट्या घेऊन चाललेल्या बाया दिसत आणि ती पाय वर ओढून घेई.

शेवटी एका दुपारी कुदळीखाली ओल लागली आणि झरा फुटला. ठकूने वरून विचारलं, "लागलं काय?" सासूला दिसत नव्हतं. कोणीतरी तिच्या हातावर ओंजळभर पाणी ओतलं.

"लागलं," म्हातारी म्हणाली. "आता नीज, माय."

ठकू तिथेच आडवी झाली.

ओव्हरसियर लगबगीने आला. आता तरी तिला उठवा, मोजू द्या, म्हणाला. आंधळी उतरणीवर काठी आडवी धरून उभी राहिली. "कोनी उठवाचं नाही तिले." त्याने टेप गुंडाळला. संध्याकाळपर्यंत खांबाभोवती पाणी चढलं. त्याच पाण्यावर त्या वर्षी गावाने भाजीपाला काढला आणि दिवस ढकलले. ठकू पुन्हा उठली की नाही, यावर गावात दोन मतं आहेत. मला विचाराल तर उठली नसावी. इतकं दमलेलं माणूस कशाला उठेल?

साक्षीदार अजून मोजलेला नाही, म्हणजे सरकारदरबारी आमचं काम चालूच असणार. आजही या काठावर एखादी बाई पाटी उशाला घेऊन भरदुपारी निजली, तर तिला कोणी हाक मारत नाही. घरी चूल थंड असली तरी नवरा येतो, तिच्या उशाशी बसतो आणि ती आपणहून जागी होईपर्यंत बसून राहतो.